मागच्या सीटवरून ऐकलेला ठोका

आसनगाव स्टेशनातून पॅसेंजर हलली तेव्हा मी खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडत होते, "आबा, दुसरा सिलिंडर बघा. गाडी तशीच नेऊ नका." फलाटावर आबा उभे होते. डोक्यावर लग्नासाठी घेतलेली नवी टोपी, हातात मोटार सुरू करायचं हँडल, आणि ते हसून मान डोलवत होते. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला ते असंच हसून होकार द्यायचे. ते हसणं मी पुरतं ओळखून होते, म्हणून आणखी मोठ्याने ओरडले. डब्यातल्या बायकांना वाटलं, पोर बापासाठी आक्रोश करते आहे. सासूबाईंनी माझं डोकं आत ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "रड हो, मोकळी हो." मी रडत नव्हते. मी घाबरले होते. आबा आता एकटे त्या गाडीत बसून किन्हवलीला परत जाणार होते, आणि तिच्या इंजिनात मी ठोका ऐकला होता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वैशाखातली ही गोष्ट. गावात राहिलेली माझी भावंडं मला अजून विचारतात की भुसावळला गेल्यावर पहिले दिवस कसे काढलेस, घराची फार आठवण आली का. माझ्यासारख्या लग्न होऊन लांब पडलेल्या मैत्रिणी विचारत नाहीत, त्यांना ठाऊक असतं. पण माझी आठवण त्यांच्यासारखी नव्हती. त्यांना अंगण आठवायचं, विहीर आठवायची, आईच्या हातची भाकरी आठवायची. मला आठवायचा तो आवाज.

आबांची मोटार आमच्या घरातल्या धाकट्यांनी पाहिली असेल ती परसात विटांवर उभी राहिलेली, कोंबड्या बसलेली. मी सांगते आहे ती चालती गाडी. शहापूरच्या एका जंगल ठेकेदाराकडे आबा ड्रायव्हर होते. त्याने नवी लॉरी घेतली आणि ही जुनी अमेरिकन मोटार आबांच्या गळ्यात घातली. टपाचं कापड दोन ठिकाणी फाटलेलं, एक दिवा मिचमिचा, आणि दारं सुंभाने बांधलेली. सकाळी किन्हवलीहून शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन. दुपारी सरळगाववरून मुरबाड. कचेरीत खेटे घालणारे, बाजाराला जाणारे, बाळंतपणाला निघालेल्या लेकी, सगळे तिच्यात कोंबलेले. ती कधी वेळेवर पोचायची नाही, पण पोचायची.

आईच्या फडताळातल्या निम्म्या वस्तू तिच्या पोटात जात. रेडिएटर गळला की त्यात मूठभर हळद. पेट्रोलची टाकी पाझरली की कपड्यांचा साबण मळून सांध्यावर. प्लग घासायला चुलीतली राख. आई कुरकुरायची, "माज्या मेलीच्या भाजीत हळद नाय, आन ती बया हळद पितं." सकाळी हँडल मारायच्या आधी आबा गाडीला हात जोडायचे, त्याचा तर आईला भारी राग. घरच्या देवाला येवढे हात जोडीत नाय हा माणूस, म्हणायची. ती त्या गाडीत बसायची वेळ आली तर अगदी मागे, दाराशी, उतरायच्या तयारीत बसायची.

गाडी बिघडली की आबा ती कानाने वाचत. बॉनेट न उघडता सांगत की अमुक व्हॉल्व्ह वाजतो आहे, तमुक प्लग मेला आहे. मुरबाडच्या बाजारात दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हरसुद्धा त्यांना ऐकायला बोलावत. मग एका पावसाळ्यात त्यांना हिवतापाने धरलं, पार हाडं काढली. आमच्याकडे तापाला कोयनेल, क्विनीनच्या त्या कडू गोळ्या, आणि आबांनी ते ताप हटेपर्यंत खाल्लं. ताप गेला. जाताना कान घेऊन गेला.

हे फक्त मला कळलं, कारण मी तेव्हा शाळा सोडून घरी होते आणि गाडी धुवायला मदत करत होते. इंजिन चालू होतं, एक प्लग मिस मारत होता, म्हणजे मधेच ठिणगी चुकवत होता, आणि आबा अगदी शांतपणे काच पुसत होते. मी म्हटलं, "आबा, मिस मारतंय." ते हसले आणि मान डोलावली. मी परत म्हटलं, परत तेच. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काच पुसायचं थांबवलं. म्हणाले, "हिरे, कोणाला सांगू नको गो. ड्रायव्हराचा बिल्ला जाईल. आन बिल्ला गेला तर मी कोण?"

मी नाही सांगितलं. आईलासुद्धा नाही. त्या दिवसापासून मी पुढच्या सीटवर बसू लागले. लोकांना कारण काय सांगायचं? आबांनी सांगून टाकलं, पोरीला मागं मोटार लागते, ओकाऱ्या येतात. अख्ख्या तालुक्यात मी मोटार लागणारी हिरा झाले. आमची खूण ठरलेली होती. आबांच्या डाव्या गुडघ्यावर एक टिचकी मारली की व्हॉल्व्ह वाजतायत, दोन मारल्या की मिस मारतंय, मूठ दाबली की आहे तिथं थांबा. मागून हॉर्न आला की मी त्यांच्या बाहीला हात लावायचे. मागचा उतारू "थांबव, थांबव" ओरडला तरी तेच. बाही ओढायला मला उशीर झाला की उतारू चिडून म्हणायचे, ड्रायव्हरला मस्ती आलीय. आबा हसून मान डोलवायचे, मग ते आणखी चिडायचे.

नदीच्या उतारावर मला सगळ्यात भीती वाटायची. तिथे ब्रेक दाबला की एक किरकिर यायची, आणि ती किरकिर आली म्हणजे ब्रेक धरतो आहे. जोवर ती ऐकू यायची तोवर मी श्वास घ्यायचे. चार वर्षं मी त्या रस्त्यावर आबांचे कान होते आणि चार वर्षांत मला एक दिवसही गाडीत डुलकी आली नाही.

मग लग्न ठरलं. सासरची माणसं मूळची टोकावड्याकडची, पण सासरे रेल्वेत लागून भुसावळला स्थायिक झालेले. मुलगा लोको शेडमध्ये फिटर. आईला हर्ष झाला. आबांनाही झाला, पण हळदीच्या दिवशी गाडीखाली सरपटत जाऊन ते उगाचच काहीतरी आवळत बसले होते. मी वाकून विचारलं, "माज्या मागं कसं कराल, आबा?" त्यांनी ऐकलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

पाठवणीला आमचीच गाडी. झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, पुढे लाल फडक्यात बांधलेला नारळ, आरशाला गोंडे. मी सवयीने पुढच्या दाराकडे गेले आणि सगळे हसले. पुढे मानाने सासरे बसले. मला मागे सासूबाई आणि नवरा यांच्या मधे बसवलं. सासूबाईंना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यांनी कनवटीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. "वास घेत राहा," म्हणाल्या.

किन्हवली सुटली आणि थोड्या वेळाने मला तो ऐकू आला. ठक. ठक. ठक. खालून, सांगाड्यातून, जाड आवाज. मी कान टवकारले. रस्ता खराब होता, वाटलं रस्त्याचाच असेल. पण शहापूरच्या बाजारात बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली, इंजिन नुसतं हलत उभं राहिलं, तरी तो होताच. उलट जास्तच. म्हणजे रस्त्याचा नव्हे. दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग, मी मनात म्हटलं, कारण ते आधी एकदा गेलेलं होतं आणि आबांनी त्यात नवा धातू ओतवून आणला होता. बेअरिंग पुरतं गेलं की रॉड इंजिन फोडून बाहेर येतो, हे मला आबांनीच शिकवलं होतं.

मी पुढे वाकून आबांच्या खांद्याला हात लावायला गेले. सासूबाईंनी लगेच लिंबू माझ्या नाकाला लावलं आणि पदर पुढे धरला. "आलंय का? गाडी थांबवायची का?" मी नाही म्हणून मान हलवली. सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर काय बोलू? माझ्या बापाला ऐकू येत नाही आणि तुम्ही बसलात ती गाडी मोडायला आली आहे? मी परत उठायला गेले, परत लिंबू. आसनगाव येईपर्यंत माझ्या नाकाचं साल निघायचं बाकी होतं. स्टेशनात गर्दी, सामान, पाया पडणं. आबांजवळ एकटी अशी मी क्षणभरही राहिले नाही. मग गाडी हलली आणि मी ओरडले.

भुसावळला क्वार्टर होतं, दोन खोल्या, पुढे लोखंडी जाळी. शेडचा भोंगा वाजला की घरं जागी व्हायची, दुसरा वाजला की माणसं ड्यूटीवर. मला सगळं नवं होतं आणि मी काहीच पाहत नव्हते. मी हिशोब करत होते तो रस्त्याचा: आबा शहापुरापर्यंत पोचले असतील, तिथला चढ चढले असतील, नदीच्या उतारावर लागले असतील. आणि पुढे रोजच्या फेऱ्या. मागे बाळंतिणी, म्हातारे, पोरं. पुढच्या सीटवर कोणी परका उतारू, ज्याला किरकिर म्हणजे काय हे ठाऊक नाही.

पत्र लिहायचं तर कार्डावर लिहिता येत नव्हतं. कार्ड गावात पोस्टमनपासून सगळे वाचणार. पाकीट हवं होतं. चौथ्या दिवशी मी धीर करून यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पाकीट मागितलं. सासूबाई आतून ऐकत होत्या, "चार दिसांत माहेरी काय गाऱ्हाणं लिव्हायचंय?" यांनी पाकीट आणून दिलं. मी लिहिलं की आबा, दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग ठोकतंय, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडून बघितल्याशिवाय एक फेरीसुद्धा करू नका, तुम्हाला ते ऐकू यायचं नाही, माझी शपथ आहे. चिकटवलं, टाकलं, आणि मग संध्याकाळी यांनी विचारलं, "काय झालंय? मला सांगण्यासारखं आहे का?"

चार वर्षं कोणाला न सांगितलेलं मी चार दिवसांच्या नवऱ्याला सांगितलं. त्यांना मला हसायचं असतं तर हसता आलं असतं. हे नीट ऐकून घेत होते, फिटर माणूस. मग म्हणाले, "ठोका चढावर वाढायचा की उभ्या गाडीत?"

"उभ्या गाडीत."

"भार पडल्यावर कमी व्हायचा?"

मी आठवून पाहिलं. शहापूरच्या पुढचा चढ. तिथे ठोका जवळजवळ नव्हताच. "हो," मी म्हटलं.

हे मान हलवत म्हणाले, "मग बेअरिंग नव्हे ते. बेअरिंग भाराखाली ओरडतं."

हे मला ठाऊक होतं. आबांनी हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. नाकाशी लिंबू आणि डोळ्यांत पाणी घेऊन मी मागच्या सीटवर बसले आणि चार वर्षांचं शिकलेलं विसरले. मग तो आवाज होता तरी कशाचा? स्टिअरिंगचा असेल तर? पुढच्या चाकाचा असेल तर? ते तर आणखी वाईट. आता आबा माझ्या शपथेवर इंजिन उघडणार, त्यात काही सापडणार नाही, आणि खरा बिघाड तसाच राहणार.

त्यानंतरचे दिवस आजही माझ्या अंगावर येतात. मी भाकऱ्या जाळल्या, दुधाकडे पाहत असताना ते उतू गेलं. स्टेशनाजवळून जाताना एक माणूस दिसायचा, उभ्या गाडीच्या एकेका चाकावर हातोडी मारून कान देणारा. चांगलं चाक गातं, चिरलेलं बद्द वाजतं. त्या माणसाला ह्या कामासाठी पगार होता, बिल्ला होता. मी त्याच्याकडे पाहत उभी राहायचे आणि सासूबाई म्हणायच्या, ह्या पोरीचं लक्ष कुठं असतं देव जाणे.

अकराव्या दिवशी पत्र आलं. आबांचं अक्षर मोठं आणि उतरतं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसंच्या तसं सांगते.

"चिरंजीव सौभाग्यवती हिरास आशीर्वाद. तुझी शपथ वाचून गाडी बंद ठेवली. चेंबर उतरवलं. चारी बेअरिंगं पाहिली, चांगली आहेत. परत लावलं. तुझा कान चुकायचा नाही म्हणून पुन्हा उतरवलं. पुन्हा चांगली. तीन दिवस गेले. मग वाटलं आता माझे हातही गेले, गाडी विकावी. तुझी आई विचारू लागली तेव्हा तिला कानाचं सांगितलं. ती म्हणाली मला त्या तापापासूनच माहीत आहे, घरात दुसऱ्यांदा हाक मारावी लागते ती कोणाला. मग मी इंजिन चालू केलं आणि ती ऐकत उभी राहिली. ठोका आहे म्हणाली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढे जाऊन नारळ हातात धरला. ठोका गेला म्हणाली. नारळ तिनेच बांधला होता, सैल बांधला होता, तो खालच्या लोखंडी पट्टीवर आपटत होता. तो फोडून खाल्ला. काढघालीत चेंबरच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं, तुझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा पुठ्ठा कापून नवं केलं आहे, थोडं गळतं. उद्यापासून गाडी सुरू. पुढे तुझी आई बसते. तिला मोटार लागते असं सांगितलं आहे. काळजी करू नये."

हे तर पत्र ऐकून खो खो हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन तांब्या घासत रडले. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता, छातीवरची धोंड उतरली होती. पण आई पुढे बसते हे वाचून जे वाटलं ते आनंदाचं नव्हतं. आईला आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे मी चार वर्षं जे एकटीने सांभाळलं असं समजत होते ते तिने मला सांभाळू दिलं होतं.

दिवाळीला मी पहिल्यांदा माहेरी गेले. आबा स्टेशनात आले होते. गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली धुळीत तेलाचा ओला डाग पडला होता. तो माझा डाग, मी मनात म्हटलं. पुढच्या सीटवर आई बसलेली, पदर कमरेला खोचून, समोर पाहत. मला बघून उतरली, तोंडावरून हात फिरवला, आणि परत पुढेच जाऊन बसली. मला म्हणाली, "मागं बस गो, नीट. माहेराला आलीस तू." मागे किन्हवलीचे दोन म्हातारे होते. त्यातला एक मला म्हणाला, "तुजी खोड आता आयशीला लागली बघ. तिलाबी मोटार सोसंना." आईने मान न वळवता मागे हात करून मला लिंबू दिलं.

शहापूर गेलं. चढ लागला, आणि अर्ध्या चढावर मला ऐकू आलं. एक ठोका पडायला हवा तिथे पडला नाही. परत नाही. प्लग मिस मारत होता, यात काही शंका नव्हती. माझा हात आपोआप उचलला गेला, दोन्ही सीटच्या मधून पुढे, आबांच्या गुडघ्याकडे. तो तिथवर पोचायच्या आधी आईची दोन बोटं आबांच्या गुडघ्यावर पडली. दोनदा. माझ्यापेक्षा जरा उशिराने, पण बरोबर. ती रस्त्याकडेच पाहत होती. आबांनी गाडी कडेला घेतली, खिशातून राखेची पुडी काढली आणि उतरले. मी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

पुढे लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडी विटांवर चढली. आता त्या रस्त्याने सरकारी मोटारी जातात, वेळेवर जातात म्हणे. आबा ओट्यावर बसतात, आई त्यांच्या कानाशी लागून दिवसभराच्या गोष्टी ओरडून सांगते. मला भुसावळचे भोंगे आता इतके अंगवळणी पडले आहेत की एखादा चुकला तर मी दचकते. शेडमधून येताना यांच्या पावलांवरून मला कळतं की दिवस कसा गेला. मी इथली झाले आहे, त्यात खोटं काही नाही.

पण शेजारणी विचारतात, माहेर कुठलं, तेव्हा मी किन्हवली सांगते आणि डोळ्यांसमोर ना गाव येतं ना घर. त्या मोटारीची पुढची सीट येते. मी मागून पाहत असते, आणि तिथे आई बसलेली असते.